चटका न लागणारे हात

सुमनआक्कांच्या तळहातावरचा फोड फुटला होता आणि त्याच हातानं त्या पदर सावरत होत्या. निपाणीच्या डॉक्टरांनी त्यांना बेळगावला माझ्याकडे पाठवलं होतं. चिठ्ठीत लिहिलं होतं: शुगर नॉर्मल, पण हातावर सारख्या जखमा. मी मेंदू आणि नसांचा डॉक्टर.

"दुखतंय का?"

"न्हाय."

सोबतचा मुलगा हसला. "आईचा हात लई घट्ट, डॉक्टर. निखारा बी हातानं सारती. आजी समद्या सुनांना सांगायची, हिच्याकडनं शिका."

मी चुलीपाशी बसून अभ्यास केलेला माणूस. माझी आईही भाकरी हातानंच उलटायची. पण तिची बोटं तव्यावरून झटकन निघायची आणि मग ती त्यांवर फुंकर मारायची.

"आक्का, भाकरी उलटल्यावर बोटांवर फुंकर मारता?"

"कशाला?"

इथं मला काळजी वाटली.

त्यांना डोळे मिटायला सांगितले. कापूस लावला की त्या बरोबर सांगत. टाचणी टोचली, तरी म्हणाल्या, "कापूस." गरम आणि गार पाण्याच्या नळ्या लावल्या, दोन्ही सारख्याच वाटल्या. दोन्ही हात, खांदे, पाठीचा वरचा भाग, सगळीकडे तेच. पायांना मात्र सगळं नीट कळत होतं.

बधिरपणा कुठून कुठवर आहे, यावरून बिघाडाची जागा कळते. शुगरमध्ये तो बहुधा तळपायांतून सुरू होतो आणि मोज्यासारखा वर चढतो. एकच नस दबली तर तिच्यापुरती एक-दोन बोटं जातात. आक्कांचा बधिरपणा खांद्यांवरून शाल पांघरावी तसा होता. असं असेल तर दोष मणक्यातल्या मज्जारज्जूत असू शकतो. वेदना आणि उष्णतेचे धागे तिथं मधोमध एकमेकांना ओलांडतात. त्या जागी पाण्याची पोकळी झाली की ते तुटतात. स्पर्शाचे धागे मागच्या बाजूनं जातात, म्हणून ते वाचतात. एमआरआयमध्ये पोकळी दिसली. मानेपासून छातीपर्यंत.

"ऑपरेशननं आजार बहुतेक थांबेल," मी म्हणालो. "गेलेलं परत येईल असं सांगता येत नाही."

मुलगा हळूच म्हणाला, "म्हंजे आमी इतकी वर्सं कौतुक करत बसलो."

आक्कांची अडचण वेगळी होती. "नातीला आंघोळ मी घालते. पाणी कसं बघू? कोपरानं?"

"कोपरालाही कळणार नाही. तांब्याभर पाणी आधी स्वतःच्या पायावर ओता."

"तान्ह्या लेकराचं पाणी, आन् पायावर?" त्यांना ते पटलं नाही. पण ऐकलं.

ऑपरेशन चांगलं झालं. काही महिन्यांनी त्या तपासणीला आल्या. आजार वाढला नव्हता. हात होते तसेच होते.

"पाण्याचं जमतंय?"

"व्हय. पायाला कळतंय."

उठताना त्या थांबल्या. "परवा पोर लई रडत होती. मी कपाळावर हात ठेवला. कपाळ कळलं, डॉक्टर. ताप कळला न्हाय. सूनबाईनं हात लावला, तवा समजलं."

थर्मामीटर घ्या, मी म्हणालो. त्यांनी मान हलवली.

आमच्याकडे सोसणाऱ्या बाईचं कौतुक होतं. हल्ली असं कौतुक कानावर आलं की मी आधी टाचणी काढतो.