डोळे मिटले की विटा पडतात

कात्रपच्या आपल्या मंडळाचा फळा वाचणाऱ्यांनो, आजचीच गोष्ट सांगतो.

दहावीतली माझी बहीण नंदा सकाळी चहा पिता पिता रडू लागली. "आई, आठवडा झाला, मला झोपच नाही. डोळे मिटले की विटा पडतात."

आईने आधी छताकडे पाहिलं, मग दृष्ट काढायला मीठ-मिरच्या आणल्या.

नंदाने मला हळूच विचारलं, "दादा, मी वेडी होतेय का रे?"

माझ्या लगेच लक्षात आलं. वरून पडणाऱ्या विटा रचायचा, हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम उल्हासनगरहून मीच तिला आणून दिला होता. ती तो रोज पांघरुणात खेळायची.

दुपारी मी स्वतः दोन तास खेळलो आणि आडवा झालो. डोळे मिटताच विटा पडू लागल्या! त्या बसवायला जागा शोधत मी तळमळत राहिलो.

"नंदे, माझ्याही डोळ्यांपुढे पडल्या गं!"

ती खूप हसली, पण मलाही विटा दिसतात हे ऐकून आईने माझीही दृष्ट काढली. गेम आता माझ्या कपाटात आहे आणि नंदा दिवेलागणीलाच झोपली आहे.

पण बंद केलेला गेम डोळ्यांत चालू कसा राहतो? तुमच्यापैकी कुणाला असं झालंय? खाली खडूने लिहा. उद्या नंदाला वाचून दाखवायचं आहे.