धोंडिबाचे बूट

विलायतेला जाऊन आलेल्या माणसाची एक पंचाईत असते. शिकलेलं सगळं विसरतं, पण किस्से मात्र अडगळीसारखे साठत जातात. आमचेही साठले. लोणावळ्याला माझ्या घरी कुणी पाहुणे आले आणि बाहेर धुक्यात हिंडायची सोय नसली, की फर्माईश ठरलेली. “तुमच्या त्या धोंडिबाचं सांगा!” मी सांगतो, लोक हसतात. हल्ली मला मात्र फारसं हसू येत नाही.

तिकडे आम्ही तिघं एकाच घरात भाड्याने राहत होतो. नाना लेले कायद्याला, पुढे लंडनला जाऊन बॅरिस्टर होणार म्हणून. मी पुण्याचा, इंजिनिअरिंगला. आणि धोंडिबा शेतकीला. टाकव्याच्या पुढे आंदर मावळात करंजवाडी म्हणून पंधरा घरांची वाडी होती, तिथला हा. बुद्धी अशी की स्कॉलरशिप मिळवून थेट एडिंबरा गाठलं. इंग्रजी आमच्यापेक्षा बरं बोलायचा, पण आमच्याशी बोलताना वाडीची बोली सोडली नाही. “तितं कोट घालतो, हितं तरी सदऱ्यात बसू द्या,” म्हणायचा.

रविवारी सहलीला जायचं, ही नानाची टूम. सकाळची गाडी, संध्याकाळी परत. टाइमटेबल त्याला पाठ. आम्ही डबे घेऊन मागे.

*

पहिली सहल एका किल्ल्याची. नाना पुढे, मी मध्ये, धोंडिबा मागे. राजाच्या महालाच्या दारात मागे वळून पाहतो, तर हा उंबऱ्याशी बसून बुटाच्या नाड्या सोडतोय! पाठीमागे मडमांची रांग खोळंबलेली.

पहारेकरी धावत आला. त्याला वाटलं, गडी आजारी पडला. नाना मराठीत ओरडला, “अरे, हे देऊळ नाही!”

“देऊळ न्हाई, पर कुनाचं तरी घर हाय न्हवं?”

“राजा मरून तीनशे वर्षं झाली!”

“मरंना का. घर तर हाय!”

बूट हातात घेऊन, मोज्यांनी त्याने सगळा महाल पाहिला. मी त्याच्याकडे बघत हसत होतो आणि हसता हसता एका बुटक्या दाराची चौकट माझ्या कपाळावर अशी बसली, की तारे चमकले. आता हसायची पाळी धोंडिबाची.

“आमच्या घराचं दार याच्याहून ठेंगणं हाय,” तो माझं कपाळ चोळत म्हणाला. “तू येशील तवा मी आधी सांगीन, वाकून ये.”

*

दुसऱ्या खेपेला एक पडका मठ पाहिला. छप्पर नाही, भिंती अर्ध्या, आत गवत वाढलेलं आणि वरून बारीक पाऊस. मी निश्चिंत होतो. इथे हा बूट कुठे काढणार?

धोंडिबाने चार पावलं इकडे, चार तिकडे केली. गवत बाजूला सारलं. मधोमध झिजलेला एक लांबट दगड निघाला. झालं! साहेब त्याच्यापाशी बसून नाड्या सोडू लागले.

नाना वैतागला. “गाढवा, छप्पर नाही, दार नाही, कुणी राहत नाही!”

“उंबरा हाय की.”

ओल्या गवतात मोज्यांनी हिंडून त्याला सर्दी झाली, ताप चढला, तीन दिवस अंथरुणात. आमची घरमालकीण म्हातारी त्याच्या छातीला मोहरीचा लेप लावून खाली आली आणि म्हणाली, “तुमच्यात खरा सभ्य माणूस तो एकटाच आहे. डोक्याचं सांगत नाही, पायांनी तरी आहे!” हे वाक्य आम्ही वर्षभर त्याला ऐकवत होतो.

*

मग एकदा समुद्रकाठी निघालो होतो. गाडीत धोंडिबाने खिशातून आबांचं, म्हणजे त्याच्या वडिलांचं पत्र काढलं. आबांना लिहिता येत नसे. टाकव्याच्या मास्तरांकडून लिहून घेत. वाडीखाली वीज कंपनीचं धरण बांधत होते, ते आम्हाला ठाऊक होतं. आबांनी कळवलं होतं, की साहेब लोक येऊन झाडांवर चुन्याचे पट्टे मारून गेले. आपल्या परसातल्या जांभळीवर पट्टा आलाय, घराच्या आढ्याच्या वर.

“तू इंजिनेर,” धोंडिबा मला म्हणाला. “चुना मारला म्हंजी पानी नक्की तितवर येतंच का रं?”

मला वर्गात नुकताच तो विषय झालेला! मी पेन्सिल काढली. पत्राच्याच पाठीवर डोंगर काढला, भिंत काढली, पाण्याची रेघ मारली. पुराच्या दिवसांत त्याहून दोन-चार फूट जास्तच चढेल, हेही सांगितलं. फार छान समजावलं मी. परीक्षेत एवढं छान लिहिलं असतं तर पहिला आलो असतो.

त्याने कागद नीट घडी करून खिशात ठेवला. “परीक्षा जेठात,” तो बोटं मोजत म्हणाला. “हितनं बोटीचे तीन आठवडे. पानी भरायच्या आत घर बघाय गावंल का?”

“गावेल की!” मी म्हणालो. ह्याचा मात्र मी काहीच हिशेब केला नव्हता.

*

शेवटची सहल नानाने मोठ्या हौसेने ठरवली. डोंगरात एक सरोवर होतं, शहराला पाणी पुरवणारं. काठावर हिरवळ, बदकं, चहाचं दुकान. वाटाड्या सांगत होता, की तळाशी एक जुनं खेडं आहे आणि उन्हाळा कडक पडला तर एका घराचं धुराडं वर दिसतं. मडमा “ओऽ!” करत होत्या.

मी म्हणालो, “काय सुरेख जागा निवडलीय!” इंजिनिअर ना मी.

धोंडिबाने वाटाड्याला अदबीने विचारलं, “कुणाचं घर होतं ते?”

वाटाड्याने खांदे उडवले. असा प्रश्न त्याला कुणी विचारलाच नव्हता.

सगळे होडीत बसले. धोंडिबा काठावर, पाण्याकडे पाठ करून, आम्ही परत येईस्तोवर बसून होता. परतीच्या गाडीत मला त्याची माफी मागायची होती, पण नेमकी कशाबद्दल मागायची ते ठरेना, आणि मग मागितलीच नाही. ती लाज अजून आहे.

*

परीक्षा संपली त्याच दिवशी तो निघाला. निकालालाही थांबला नाही. दीड-दोन महिन्यांनी त्याचं पत्र आलं, चार ओळींचं.

“पाणी माझ्या आठ दिवस आधी पोचलं. लोकांनी वासे, कौलं, दारं काढून नेली. आबांनी आपलं दार काढू दिलं नाही. म्हणाले, दार काढलं तर पोरगं आत कुठनं येईल? आता आम्ही लोणावळ्यात राहतो.”

नानाने ते पत्र मोठ्याने वाचायला घेतलं आणि तिसऱ्या ओळीवर थांबला. त्या रविवारी आम्ही कुठेच गेलो नाही.

लोणावळ्याच्या भाड्याच्या खोलीत आबा दोन वर्षं जगले. त्या खोलीत शिरताना त्यांनी वहाणा कधी काढल्या नाहीत, असं धोंडिबा सांगतो.

*

आता शेवटचा किस्सा.

दहाएक वर्षांनी नाना मुंबईहून बायकोला घेऊन लोणावळ्याला माझ्याकडे आला. वहिनींना मावळातलं ते कंपनीच्या धरणाचं प्रसिद्ध सरोवर पाहायचं होतं! मी नानाला डोळ्यांनी खुणावत होतो, पण धोंडिबाच म्हणाला, “चला की. मी दावतो.”

पलीकडच्या वाड्यांची पायवाट पाण्यात गेल्यापासून तिथे होडी चाले. होडीवाले शिवाभाऊ धोंडिबाच्याच वाडीचे. आम्ही चौघे बसलो. आश्विनातलं लख्ख ऊन होतं, पाणी हलत नव्हतं. वहिनी म्हणाल्या, “किती सुंदर!” यावेळी मी धोंडिबाकडे पाहिलं.

धोंडिबा समोरच्या डोंगराच्या सुळक्याकडे पाहत होता. मग डावीकडच्या खिंडीकडे. मग पुन्हा सुळक्याकडे.

“भाऊ, हितं,” तो हळूच म्हणाला.

“व्हय, हितंच,” शिवाभाऊ म्हणाले आणि वल्हं उचलून आडवं ठेवलं. त्यांच्या पायांत काही नव्हतंच.

धोंडिबा वाकला आणि बुटाच्या नाड्या सोडू लागला.

वहिनींनी नानाकडे पाहिलं. नानाने, त्या बॅरिस्टराने, आपले बूट काढले. वहिनींनीही चपला काढून पदराखाली ठेवल्या.

मीही खाली वाकलो. गाठ काही केल्या सुटेना, समोरचं नीट दिसतही नव्हतं. तेवढ्यात माझ्या डोक्यावर धोंडिबाचा हात आला. त्याने ते आणखी थोडं खाली दाबलं.

“हां, अस्सा,” तो म्हणाला. “दार ठेंगणं हाय.”