तिसऱ्या गिअरमधला आवाज

"गिअरबॉक्स गेलाय हो तिचा. येईल त्या भावात देऊन टाकू," निखिलदादा गॅलरीत उभा राहून फोनवर सांगत होता. मी आत स्वयंपाकघरात चहाचे कप विसळत होते. दिगूमामाचं तेरावं आदल्या दिवशी झालं होतं, पाहुणे परतले होते, आणि घरात ती रिकामी शांतता पसरली होती, ज्यात गॅलरीतलं बोलणं थेट मोरीपर्यंत ऐकू येतं.

दिगूमामा म्हणजे माझ्या आईचा मोठा भाऊ, आणि निखिलदादा त्याचा एकुलता एक मुलगा. दादा पुण्यात राहतो, त्याच्या सोसायटीत एका गाडीची जागा मिळताना मारामार. नाशिकच्या, आता बंद राहणाऱ्या घरासमोर, बदामाच्या झाडाखाली, वडिलांची जुनी पिस्ता रंगाची गाडी गंजत ठेवून तो काय करणार... त्याचं काही चुकत नव्हतं. फक्त त्या गाडीचा गिअरबॉक्स ठणठणीत आहे, हे मामाच्या मागे त्या घरात मला एकटीला माहीत होतं. आणि घरच्या माणसांसमोरसुद्धा तोंड उघडायचं म्हटलं की मला शब्द सापडत नाहीत, हेही मला माहीत होतं.

मामा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाला होता. गाडी हा त्याचा छंद, आणि सुपारी हे व्यसन. सदऱ्याच्या एका खिशात स्पार्क प्लग नाहीतर नट-बोल्ट, दुसऱ्या खिशात अडकित्ता. मामी दोन्ही खिशांवर वैतागायची. "अहो, धुण्यात लोखंड टाकू नका" आणि "अहो, दात जातील," ही तिची रोजची दोन वाक्यं. मी इंग्रजी शाळेतली. माझ्या मराठीला इतर भावंडं हसायची, म्हणून मी त्यांच्यात कमीच बोलायचे. मामा हसला नाही कधी. तो फक्त थांबायचा, माझा शब्द सापडेपर्यंत.

मामीच्या शेवटच्या दसऱ्याला मी तिथेच होते. दरवर्षीसारखी गाडी धुतली, झेंडूचा हार घातला. मामीने बॉनेटवर हळदीकुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि पुढच्या सीटवर विड्याच्या पानांवर सुपारी मांडून तिची गणपती म्हणून पूजा केली. मग रिवाजाप्रमाणे मामाने गाडीची कॉलनीत एक चक्कर मारली. परत आल्यावर बघतो तर पानं सीटवर आणि सुपारी गायब. मामीने कमरेवर हात ठेवले.

"अहो, देवाची सुपारी खाल्लीत?"

"नाही गं बाई."

"तोंड उघडा."

मामाने रस्त्यात उभं राहून, शेजाऱ्यांच्या देखत तोंड उघडलं. "आधीच गिळली असेल," मामी म्हणाली. पुढे जो भेटेल त्याला, फोनवर निखिलदादालासुद्धा, तिने ही गोष्ट सांगितली. त्याच हिवाळ्यात ती आजारी पडली. अगदी दवाखान्यातही, बरं वाटत असलं की विचारायची, "आता तरी खरं सांगा, खाल्लीत ना?" आणि मामा म्हणायचा, "नाही गं, खरंच नाही खाल्ली." मग ती गेली.

त्यानंतर आई मला रविवारी सकाळी मामाकडे पाठवायची. त्याला एकटं वाटू नये म्हणून. जाऊन मी काय बोलणार... तोही बोलायचा नाही. आम्ही गाडी काढायचो आणि गंगापूर धरणापर्यंत जाऊन परत यायचो. त्यातल्या पहिल्याच फेरीत, महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या त्या गाडीत, दुसऱ्यातून तिसरा गिअर टाकताना तो आवाज आला.

"काय ऐकू आलं?" मामाने विचारलं.

"कसलातरी आवाज."

"कसलातरी नावाचा आवाज नसतो, ऋता. आधी आवाज सांगायचा. कारण नंतर."

हा त्याचा नियम होता. आवाज ऐकताना कुणी कारण बोलायचं नाही; एकदा कारण मनात बसलं की कान तेच ऐकतात, असं तो म्हणायचा. त्या रविवारांमध्ये मी घरघर, खडखड, करकर, कुरकुर हे शब्द एकेक करून ओळखायला शिकले. घरघर झाली तर बेअरिंग बघायचं, करकर झाली तर कुठेतरी वंगण नाही, खडखड म्हणजे काहीतरी सुटलंय. हा आवाज यातल्या कशातच बसेना.

नियम आमचा, पण घाबरून तो मोडला मामानेच. गिअर बदलताना येतो म्हणजे गिअरबॉक्स, असं त्याने मनात धरलं आणि गाडी भद्रकालीत युसूफभाईंच्या गॅरेजला नेली. युसूफभाईंनी गिअरबॉक्स उतरवला, सगळा खोलला, आणि हात पुसत म्हणाले, "मामासाहेब, ह्याचे दात एकदम जागेवर. माझे पडतील, ह्याचे नाय पडणार." परत बसवला. गॅरेजच्या बाहेर पडून मामाने तिसरा टाकला, आणि आवाज हजर. मामाचा चेहरा इतका पडला की मला राहवेना. ती गाडी गेली असती तर आमचे रविवारही गेले असते.

"मामा," मी म्हणाले, "ते आधी घरंगळतं. आणि मग टक् होतं."

त्याने गाडी बाजूला घेतली. "परत सांग."

"गडगडत जातं... मग आदळतं. टक्."

पुढच्या रविवारी आम्ही त्र्यंबक रस्त्याला गेलो. अंजनेरीच्या अलीकडे, मोकळ्या उतारावर मामाने गाडी न्यूट्रल केली, तशीच सोडली, आणि हलकेच ब्रेक दाबला. गडगड... टक्. गिअर नव्हताच, तरी आवाज होता. गाडीला पुढेमागे हिसका बसला की काहीतरी घरंगळत होतं, आणि गिअर बदलताना तो हिसका बसायचाच. मामा स्टिअरिंगवर हात ठेवून कितीतरी वेळ हसत होता.

घरी आल्यावर आम्ही पुढची सीट काढली, रबरी मॅट उचलली. दाराखालच्या पोकळ पट्टीला एक भोक असतं, त्याचं बूच कधीच पडून गेलेलं. मी टॉर्च धरला, मामाने वाकडी केलेली तार आत घातली आणि ती वस्तू भोकाच्या तोंडाशी आणली. सुपारी. तिच्या खाचांत अजून कुंकू होतं.

मामा जमिनीवर तसाच बसून राहिला. मला वाटलं तो हसेल. "आता कुणाला सांगू," तो म्हणाला, "की मी नव्हती खाल्ली..."

मग त्याने तारेने सुपारी हळूच आत ढकलली. वर नवीन बूच लावलं. "निखिलला बोलू नकोस. तो व्यवस्थित मुलगा आहे, लगेच काढून देईल." त्यानंतर त्याच गाडीवर त्याने मला ड्रायव्हिंग शिकवलं, आणि तिसरा गिअर पडून सुपारी वाजली की, कोण चालवतंय ते न बघता, तो खिडकीबाहेर बघत म्हणायचा, "नाही खाल्ली गं." सगळ्यांना मात्र तो सांगायचा, गिअरबॉक्सचं जरा दुखणं आहे.

त्या सकाळी कप पालथे घालून मी गॅलरीत गेले. दादाचा फोन संपला होता. समजावून सांगणं मला जमलं नसतं. मी आत जाऊन टॉर्च आणि मामाची ती वाकडी तार आणली आणि म्हटलं, "दादा, खाली ये जरा." बदामाखाली मी सीट काढली, मॅट उचलली, बूच काढलं, आणि तारेने सुपारी तोंडाशी आणून उजेड धरला. दादा गुडघ्यांवर बसून बघत राहिला. कुंकू आता जवळजवळ गेलं होतं, तरी त्याने ओळखलं.

"आईने मला फोन करून सांगितलं होतं," तो म्हणाला. "मी पण हसलो होतो बाबांना." मग त्याने विचारलं, "काढायची?"

मी नकारार्थी मान हलवली. त्यानेच ती आत ढकलली, बूच लावलं, आणि आम्ही सीट परत बसवली. फोन काढून गिऱ्हाइकाला नको म्हणून कळवलं, आणि किल्ली माझ्या हातात दिली. "तू इथे असतेस. तूच ठेव. चल, बघू."

तो शेजारी बसला, मामाच्या जागेवर. कॉलनीतून बाहेर पडून मी दुसरा टाकला, मग तिसरा. दाराखालून गडगडत काहीतरी पुढे गेलं आणि टक् करून थांबलं. दादा खिडकीबाहेर बघत होता. गाडीत एका वाक्याची जागा रिकामी होती, आणि आम्ही दोघेही त्या वाक्याची वाट बघत होतो... निदान मी तरी. या वेळी मला शब्द शोधावे लागले नाहीत.

"नाही खाल्ली गं, मामी," मी म्हणाले. "त्याने खरंच नव्हती खाल्ली."