विकण्याआधी मोठ्यानं वाचा!

जुन्या वस्तूंच्या दुकानात धूळ आणि किस्से आपोआप साठतात. नांदेडला आमच्या खलीलभाईंच्या दुकानातली धूळ दर शुक्रवारी झटकली जाते. किस्से झटकायचं काम आम्हा रविवारच्या मंडळींकडे! मी रिटायर्ड ड्रॉइंग मास्तर. चहा फुकट, म्हणून हजेरी अगदी नियमित.

खलीलभाईंचा एक नियम आहे. घरातलं पत्र विकायला आणलं, तर घरच्याच माणसानं ते आधी मोठ्यानं वाचायचं, मग भाव. "कागद मी घेतो, पण आवाज तुमच्या घरचा हाय. जायच्या आधी ऐकून तरी घ्या!"

*

नायगावचे एक गृहस्थ आजोबांनी आजीला लिहिलेलं पत्र घेऊन आले. घरात कुणी ते कधी वाचलंच नव्हतं. निम्मं पत्र त्यांनी झोकात वाचलं. मग आवाज हळूहळू खाली, आणि कान लालबुंद! पत्राची घडी थेट खिशात.

"भाई, हे विकायचं न्हाई."

"का हो?"

"आमचे आजोबा लई सोवळे होते, असं समजून राहिलो होतो आम्ही!"

*

विष्णुपुरीकडून एक बुलेटवाले साहेब आले. "पणजोबांचं पत्र, एकदम ओरिजिनल!" कागद पिवळा, शाई फिकट. मीसुद्धा फसलो. साहेबांनी पत्र घडाघडा वाचलं. कुठं अडखळले नाहीत, कुठं डोळे बारीक केले नाहीत.

खलीलभाईंनी शांतपणे चहा पुढे केला. "साहेब, पणजोबा लिवत होते तवा तुमीच बाजूला बसला होता का?"

साहेब चहा न पिताच गेले.

*

मंडळींतले मन्मथअप्पा लातूरचे, डाळीचे व्यापारी. निजामाच्या काळात आमच्या भागातले एक बुवा हवेल्यांमधून तसबिरी काढत. अप्पा त्या बुवांचे वेडे. घरात बुवांनी काढलेली, जाड अंगरख्यातल्या नवाबांची तीन चित्रं आहेत. रोज सकाळी शिवपूजा आटोपली की अप्पा त्यांच्यासमोर हात जोडून उभे.

सुनेनं एकदा विचारलं, "मामंजी, ह्यांनाबी नैवेद्य दाखवू का?"

अप्पा गंभीरपणे म्हणाले, "नको. पंखा लाव. उकडून राहिलंय त्यांना!"

त्यांची एकच इच्छा राहिली होती. बुवांच्या हातचं अक्षर एकदा आपल्या घरात यावं.

*

आणि गेल्या दिवाळीनंतर भोकरहून सुमनबाई आल्या. वय सत्तरीच्या पुढं. पिशवीतून त्यांनी जपून एक पान काढलं. बुवांनी आपल्या लेकीला, म्हणजे सुमनबाईंच्या आईला, हैदराबादेहून लिहिलेलं पत्र! खलीलभाईंनी लातूरला फोन लावला. अप्पा दुपारी हजर. पत्र दिसताच त्यांनी चपला काढल्या.

"का विकायलात, अक्का?" अप्पांनी विचारलं.

"माझ्यामागं हे बघणारं कुणी न्हाई. मी गेले की रद्दीत जाईल."

खलीलभाईंनी नियम सांगितला.

"मला वाचता येत न्हाई," सुमनबाई म्हणाल्या. "पण म्हणून दावते." पान त्यांनी माझ्या हातात दिलं आणि डोळे मिटले.

"चिरंजीव काशीस आशीर्वाद. नवाबसाहेबांस तसबिरीसाठी बसावयास सवड नाही. त्यांचा अंगरखा घालून नोकरास बसवितात. आज मी डोळे नोकराचेच काढिले. सर्वांनी वाहवा केली..."

मी ओळींवरून बोट फिरवत होतो. एक शब्द इकडचा तिकडे नाही!

पान संपलं. माझं बोट थांबलं. सुमनबाई थांबल्या नाहीत!

"तुझे चित्र काढावयास घेतले, परंतु तू केवढी झालीस ते मज कळेना. भिंतीस टेकून उभी राहा. आईकडून सुतळीने माप घेववून ती सुतळी पाठव. मी तेवढीच काढीन."

अप्पा चटकन पुढं सरकले.

"दुसरं पान कुठं हाय?" त्यांनी विचारलं.

"उंदरांनी खाल्लं, माझ्या जन्माच्या आधीच. मायला पाठ होतं. तिनं माझ्याकडून पाठ करून घेतलं."

भाव ठरला. अप्पांनी घासाघीस न करता पैसे मोजले. पान कपाळाला लावलं, आणि तसेच उभे राहिले.

"अक्का, दुसऱ्या पानाचं कसं करायचं?"

मी लगेच पेन काढला. सुमनबाईंनी मान हलवली.

"लिवून न्हाई. बसा. माझ्यामागं म्हणा."

लातूरचे बडे व्यापारी दुखरे गुडघे मोडून फरशीवर मांडी घालून बसले.

"तुझे चित्र काढावयास घेतले..."

"तुझे चित्र काढावयास घेतले," अप्पा म्हणाले.