भेवमास्तर

सगळं जग लघवीला जाऊन आल्यावर हात धुतं. भेवमास्तर जायच्या आधी धुवायचा. साबण लावून, कोपरापर्यंत, नखांच्या आतून. आमच्या गावात तो पहिल्यांदा आला तेव्हा शामरावकाकाच्या हौदावर त्याचं हे धुणं चाललं होतं. पाहुण्याला भूक लागली समजून काकूनं घाईघाईनं ताट वाढायला घेतलं. पाहुणा लघवीला गेला तुरीच्या धुऱ्यावर, बांधाआड. परत आला अन् पुन्हा तेवढंच धुतलं. काका म्हणाले, "मास्तर, तुमचं गाडं उलटं हाय बापा." मास्तर हात झटकत म्हणाला, "काका, दवाईचा हात कुठंकुठं लावाचा हे ज्याचं त्यानं ठरवावं. मले अजून संसार कराचा हाय."

तो काही शाळेतला मास्तर नव्हता. कापसावर, संत्र्यावर दवाई, म्हणजे कीटकनाशक, मारणाऱ्या मजुरांनी त्या दवाईपासून कसं वाचायचं, हे शिकवायला एका संस्थेनं त्याला ठेवलं होतं. पांढुर्ण्याहून मोपेडवर निघायचा अन् तिगावपासून लोधीखेड्यापर्यंत गावोगाव फिरायचा. मोपेडचा वेग असा की कुत्रे त्याच्या मागं लागायचे अन् पुढं निघून जायचे. खांद्याला एक पिशवी. तिच्यात रबरी हातमोजे, चष्मा, तोंडाला लावायचा मास्क अन् कीटकनाशकाची एक रिकामी बाटली. बाटली इतकी जुनी की तिच्यावरचा जहराच्या खुणेचा लाल तिकोन उडून गुलाबी झाला होता.

संस्थेच्या कागदावर मोठ्या अक्षरात 'काळजी घ्या' छापलेलं असायचं. मास्तर कागद वाटायचा, पण तो शब्द तोंडातून काढत नसे. म्हणायचा, "काळजी तं माय घेते. तुमी भेव ठेवा. भेलेला माणूस संध्याकाळी घरी जेवते." यावरून त्याचं नाव पडलं. खरं नाव कागदावर सहीच्या जागी होतं, ते कोणी वाचलं नाही.

अन् स्वतः तो खरंच भेकड होता, यात मी माझं काही मिसळून नाही राहिलो. लाइटचं बटन पेनाच्या टोपणानं दाबायचा. विहिरीत पाहायचं असलं तर आधी बाजूवाल्याचा हात धरायचा. पांढुर्ण्यात जन्मून त्यानं गोटमार कधी पाहिली नव्हती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या एका काठावरून पांढुर्णा अन् दुसऱ्या काठावरून सावरगाव एकमेकांवर दगड सोडायचं, तेव्हा हा खिडक्या लावून घरात बसायचा. माझा मोठा भाऊ संजूदादा मात्र तिथं दरसाल जाणारा. कपाळावरची टाक्यांची खूण दिसावी म्हणून केस मागं फिरवणारा. फवारणीच्या मजुरीतही तसाच. पाठीवर पंप घेतला की दिवसभर खाली ठेवायचा नाही. त्यानं मास्तरला छेडलं, "पांढुर्ण्याचं पाणी पेऊन तुमी दगडाले भेता?"

"संजू, दगड येताना दिसते. माणूस बाजूले सरकते. मी न दिसणाऱ्याले भेतो."

"मंग दिसते तं पाहाले काऊन येत नाही?"

मास्तरनं पिशवी खांद्याला लावली. "गर्दीलेही भेतो," तो म्हणाला.

त्याची सगळ्यात मोठी सभा झाली आमच्या बुद्धविहाराच्या आवारात. त्यानं पंपात पाणी भरलं अन् होळीतला उरलेला जांभळा रंग त्यात कालवला. म्हणाला, "ही दवाई समजा. रोज मारता तशी मारा, अन् एक थेंब अंगावर घेऊ नका." बारा-पंधरा जणांनी भिंतीलगतच्या झुडपांवर पाळीपाळीनं फवारा मारला. सगळे शहाण्यासारखे वागले. झाल्यावर हातही पँटीला पुसले. मग मास्तरनं खिशातून खर्ऱ्याची, म्हणजे तंबाखू-सुपारीची, पुडी काढली. आता आमच्याकडं पुडी उघडली अन् समोरच्यानं चिमूट घेतली नाही, तर ते भांडण समजतात. पहिली चिमूट दादानं घेतली. मग पुडी सगळ्यांत फिरली. मास्तरनं पाच मिनिटं हवापाण्याच्या गोष्टी केल्या अन् पिशवीतून आरसा काढला.

सगळ्यांचे ओठ जांभळे. दात जांभळे. शामरावकाकाच्या पांढऱ्या मिशीच्या मधोमध एक जांभळी चिमूट. पहिले सगळे एकमेकांकडं पाहून हसले. मग आरसा जसजसा हातोहात पुढं सरकला तसतसं हसणं मागं पडत गेलं, अन् दादापर्यंत आरसा आला तेव्हा आवारात फक्त तोच बोलून राहिला होता.

"रंग हाय तो मास्तर. निघून जाईन."

"हाव," मास्तर म्हणाला. "म्हणून तं रंग आणला."

सभेच्या शेवटी तो दवाई चढलेला माणूस करून दाखवायचा. आधी डोकं धरायचा. मग घाम पुसायचा. मग तोंडातून लाळ, मांड्या थरथरणं, अन् मग चटईवर आडवा. पण आडवं व्हायच्या आधी चटई झटकून घ्यायचा, तिच्यावर मुंगळा तर नाही म्हणून. हा नग मी सोडणार होतो काय? मी तेव्हा सौसरच्या कॉलेजात होतो अन् सुट्टीच्या दिवशी दादासोबत ड्रम भरायला जायचो. पानठेल्यावर मी मास्तर करायचो. त्याचा नाकातला आवाज, पेनानं दाबलेलं बटन, झटकलेली चटई. अन् दवाई चढलेला माणूस तर मी मास्तरपेक्षा भारी करायचो. माझी लाळ खरीच निघायची. ते इतकं चाललं की वावरातही पसरलं. फवारता फवारता ज्याला दम खायचा असे तो कापसाच्या तासात, दोन ओळींच्या मधे, आडवा व्हायचा अन् म्हणायचा, "चढली रे." बाकीचे हसायचे, तेवढाच आराम. बिडी पिऊन उठायचा.

एक दिवस मी ठेल्यासमोर जमिनीवर पडून लाळ गाळत होतो अन् लोक अचानक चूप झाले. मान वळवली तर मास्तर. मोपेडला टेकून पूर्ण खेळ पाहत होता. मला वाटलं आता शिव्या खायच्या. तो उकिडवा बसला, माझ्या तोंडावर वाकला.

"लाळ चांगली करतं बे. मांड्याही चांगल्या उडवतं. पण एक चीज तुले जमणार नाही."

"कोणती मास्तर?"

त्यानं अंगठ्यानं माझी पापणी वर केली. "बाहुली. दवाई चढली का डोयाची बाहुली मोहरीएवढी होते. हे कोणाच्या बापाले नक्कल करता येत नाही. कोणी पडला तं पहिले डोया पाहाचा. हसाचं मंग."

लोक हसले. मीही हसलो. त्या संध्याकाळी ती पापणीसुद्धा मी माझ्या खेळात घेतली.

भादव्याचं ऊन होतं. वारा पडलेला, कापूस छातीएवढा झालेला. इल्ली, म्हणजे बोंडं खाणारी अळी, आटोक्यात येत नव्हती म्हणून मालकानं दोन दवाया एकाच ड्रममध्ये कालवायला लावल्या होत्या. दादाच्या पंपाचं नोझल तुंबलं. त्यानं ते काढलं अन् तोंडाला लावून फुंकलं. मी ड्रमजवळून पाहिलं. मला माहीत होतं ते करायचं नसतं. अन् मी काय केलं, तर मास्तरचा नाकातला आवाज काढून ओरडलो, "संजू, ते नोझल हाय, बासरी नाही." सगळं वावर हसलं. दादा पण हसला, अन् पुन्हा एकदा फुंकलं.

जेवणाच्या थोडं आधी तो तासात बसला. मग आडवा झाला. शामरावकाका शेजारच्या तासात होते. म्हणाले, "उठ बे संजू, आता जेवाच्या टाइमले काय पडतं." मी लांबूनच म्हणालो, "पडणं चांगलं हाय, लाळ कमी हाय." थोड्या वेळानं लाळही आली. आम्ही अजून हसून राहिलो होतो. किती वेळ हसलो ते मला सांगता येत नाही. मी दोन मिनिटं म्हणतो. काका पाच म्हणतात.

मी जवळ गेलो ते त्याला उठवायला. त्याच्या मांडीचं मांस कातड्याखाली आपोआप उडून राहिलं होतं, एका जागी नाही, सगळीकडं. मी पापणी वर केली. वर ऊन होतं, म्हणून हातानं सावली केली. बाहुली मोठी झाली नाही. मोहरीएवढी. काळी, बारीक, जशीच्या तशी.

मी ओरडलो. खरंच ओरडलो, माझ्या आवाजात. अन् काका म्हणाले, "पुरे कर ना विक्या, उन्हाचा." दुसरा एक जण टाळ्या वाजवून राहिला होता. तेवढ्या लोकांत उभा राहून मी भावाचं नाव घेऊन रडून राहिलो होतो अन् कोणाला ते खरं वाटत नव्हतं. एवढा भेव मला त्याच्या आधी कधी वाटला नाही. मी काकांचं मनगट धरून त्यांना ओढत आणलं अन् वाकवलं. त्यांनी डोळा पाहिला. मग त्यांच्या तोंडाचा रंग गेला.

त्यानंतर कोणी टाळी वाजवली नाही. एक जण दूध आणायला पळाला, त्याला मी परत बोलावलं, कारण मास्तर म्हणायचा, बेशुद्धीत तोंडात काही टाकाल तर ते छातीत जाईल. आम्ही दादाचा शर्ट फाडून काढला. विहिरीच्या पाण्यानं अन् साबणानं अंग धुतलं, आपल्या हातात मास्तरनं दिलेले हातमोजे घालून, जे इतके दिवस विहिरीजवळच्या खोपटात खुंटीवर नवेकोरे लटकत होते. कुशीवर वळवलं. मालकाची संत्र्याची गाडी होती, तिच्यात टाकलं. दवाईच्या दोन्ही बाटल्या मी मांडीत घेतल्या अन् सौसरपर्यंत दादाच्या श्वासाकडं पाहत बसलो. दर श्वासानंतर वाटायचं, हा झाला, पुढचा येतो का नाही.

दवाखान्यात डॉक्टरनं आधी बाटल्या मागितल्या. मग सुया चालू झाल्या. दर थोड्या वेळानं कोणी येऊन दादाच्या डोळ्यात बॅटरी मारायचं. मास्तरला कोणी सांगितलं माहीत नाही. दुपार कलली तेव्हा तो आला, घामानं भिजलेला. त्या मोपेडवर पांढुर्ण्याहून सौसर एका दमात पळवत येणं म्हणजे त्याच्यासाठी गोटमारच होती. बाकाच्या पार टोकाला बसला. मी सगळं सांगितलं. नोझल, बासरी, हसणं. वाटलं, मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

त्यानं खांद्यावरची पिशवी काढून मांडीवर घेतली. मग म्हणाला, "आधी मी दवाईच्या दुकानात काम करत होतो. दोन मिसळून मारा, इल्ली जागच्या जागी मरते, हे सांगणारा मीच. जोक मारून मारून इकायचो. लोक हसत घेऊन जात. एक जण घेऊन गेला तो गेलाच. पाचव्या दिवशी त्याची बायको आली. बाटली ठेवली काउंटरवर. म्हणे, उरली हाय, आता मारणारा नाही घरी."

मी त्याच्या पिशवीकडं पाहिलं. गुलाबी तिकोनाची बाटली तिच्यातून डोकावत होती.

"भेव वाटून राहिला का?" त्यानं विचारलं.

"हाव मास्तर."

"ठीक हाय. त्या भेवाले जाऊ देऊ नको."

दिवे लागणीला दादानं डोळे उघडले. मास्तर आत आला नाही. दारातून एक नजर टाकली, अन् नळावर जाऊन हात धूत उभा राहिला. किती वेळ धुतले, मोजलं नाही.

दादा त्या साली वावरात गेला नाही. पुढच्या साली गेला, कारण त्याला दुसरं काम येत नाही अन् दुसरं काम आहेही कोणतं. हातमोजे घालतो, उकडते म्हणून दिवसभर शिव्या देतो, पण घालतो. ठेल्यावर लोक मला अजून फर्माईश करतात. मी आमदार करतो, कंडक्टर करतो, शामरावकाकांना त्यांच्यासमोर करतो. पडणारा माणूस करत नाही.

संस्थेचं काम बंद झालं. मास्तरनं मोपेड विकली अन् तो लेकीकडं राहायला गेला. पण दरसाल फवारणी चालू झाली की त्याचा फोन यायचा. कसा हाय, काय करतं, असं काही नाही. "कोणी पडलं?" "नाही मास्तर." फोन बंद. आठ दिवसांनी पुन्हा. कापूस फुटेपर्यंत.

या साली फोन आला नाही. पोळा झाला तरी नाही. मीच लावला. लेकीनं उचलला. म्हणाली, "बाबाले लकवा मारला. समजते सगळं, पण दोन महिने झाले, कोणाशी बोलत नाहीत. तुमी कोण?" मी गावाचं नाव सांगितलं. ती म्हणाली, "बोला. मी कानाले लावते."

"मास्तर, विक्या बोलून राहिलो. या साली कोणी पडलं नाही."

तिकडून नुसता श्वास ऐकू आला. लेक मागून म्हणत होती, आयकलं त्यायनं, डोये हलले. मी फोन ठेवणारच होतो. तेवढ्यात जड जिभेवरून एकेक अक्षर घसरत आलं.

"अजून... दोन फवारे... हायेत."

मी ओसरीत पाहिलं. दादाचा पंप जागेवर नव्हता. मी चपला घातल्या अन् वावराकडं निघालो.