पाईपच्या पलीकडचा माणूस

वायरमनच्या धंद्यात किस्से शोधावे लागत नाहीत. दर स्लॅबमागं एखादा पदरात पडतोच. पूर्वी ते रंगवून सांगायचं काम माझे पार्टनर शंकरराव करायचे. आता शंकरराव नाहीत, म्हणून तुम्हाला धरून बसवलंय. चहा घ्या, लगेच उठू नका!

*

बारामतीत एका बंगल्याचं काम होतं. कोटेशन वाचून मालकीणबाई म्हणाल्या, "पाईप वेगळा, नळी वेगळी? दोन्हींतून वायरच जाते ना? मग फरक काय?"

शंकररावांनी कडक पाईपात स्प्रिंग घातली आणि गुडघ्यावर दाबून तो वाकवला. "गुडघा दुखला की समजायचं, पाईप. ह्यो भिंतीत गाडायचा." मग फ्लेक्सिबल नळी मनगटाला गुंडाळली. "दुखलं न्हाय, म्हंजी नळी. ही मोटारीपाशी."

"मग सगळीकडं नळीच टाका," बाई म्हणाल्या, "तुमचा गुडघा तरी वाचेल!"

*

भिगवणला एका हॉटेलचा स्लॅब होता. स्लॅब भरायच्या आधी पाईपांची तोंडं कागद कोंबून बुजवावी लागतात, नाहीतर सिमेंट आत जाऊन पाईप कायमचा चोंदतो. मिक्सर सुरू झाला आणि आमचा कागद संपला. शंकररावांनी पायातला मोजा काढून कोंबला!

पुढं स्लॅबखालच्या सेंट्रिंगच्या फळ्या काढल्या, तर छतातून मोजा लोंबतोय. हॉटेलमालक वर बघतच राहिला.

"आसू द्या मालक," शंकरराव म्हणाले, "दुसराबी आणून देतो, जोडी हुईल!"

*

पाईपातून वायर घालायला दोन माणसं लागतात. एकानं ढकलायची, दुसऱ्यानं ओढायची. इंदापूरला मी वरच्या मजल्यावर, शंकरराव खाली. वायर काही हलेना.

"अडकलीय!" मी ओरडलो.

"हितंबी अडकलीया!" खालून आवाज.

घामाघूम होऊन खाली गेलो, तर शंकरराव भिंतीला पाय लावून ओढत होते. मीही वरून ओढतच होतो!

शंकरराव म्हणाले, "दोघंबी वडायलाच बसलो, मग ढकलणार कोण?"

*

गेल्या वर्षी शंकरराव अटॅकनं गेले. नवीन माणूस टिकत नाही म्हणा, किंवा मलाच कोणी पटत नाही म्हणा. आता एकट्यानंच वायर वरून ढकलायची, शिडी उतरायची, खाली जाऊन ओढायची, परत वर. काम होतं, पण पाईपाला तोंड लावून ओरडावं असं पलीकडं कोणी नाही. परवा सवयीनं "ओढा, शंकरराव!" म्हणालो आणि शिडीवर तसाच उभा राहिलो. फार एकटं वाटलं.

*

मग कळंबचं काम आलं. मुलानं पुण्यात राहून बांधून दिलेला नवा बंगला आणि आत म्हातारे आबा एकटेच. माझी वर-खाली चाललेली दगदग बघून म्हणाले, "आरं, मी हाय की हितं. तू ढकल, मी वडतो."

दुपारभर आबांनी वायरी ओढल्या. "आली!" "थांब!" "सोड आता!" खालून नुसता दंगा. मलाही बऱ्याच दिवसांनी कामात मजा आली.

शेवटची वायर झाली. मी पक्कड पिशवीत टाकली, खाली आलो आणि शिडी मिटली.

"आता कुठली?" आबांनी विचारलं.

"संपल्या, आबा."

ते वायरीचं टोक हातात धरून तसेच उभे. मग हळूच म्हणाले,

"येखादी काढून परत घालू की!"