विंकलचा गुडघा आणि शेवंडाचा पिंजरा

पहाटेपासून धुकं असं उतरलं होतं की धक्क्यावरच्या होड्यांचे नुसते आवाजच उरले होते. कुठे साखळी खुळखुळे, कुठे कुणी खोकलं म्हणजे तिथे होडी आहे असं समजायचं. नेरिडा पॅस्को दवाखान्यामागची कुत्र्यांची खोली पाइपने धूत होती. टास्मानियाच्या या पश्चिम कडेला जनावरांची डॉक्टर ती एकटीच. वय अठ्ठावन्न. दारातल्या टेबलाशी बसून तिचे फोन मी घेते, त्याला आता वीस वर्षं झाली.

शेवंडं, म्हणजे मोठे समुद्री झिंगे, पिंजरा टाकून धरणाऱ्या बापाची ही लेक. अक्षरं गिरवायच्या आधी तिला गाठी येत होत्या. इथली लहान कुत्री होडीतून धक्क्यावर उड्या मारतात आणि एखाद दिवशी गुडघ्यातला लिगामेंट तटकन तुटतो. मग नेरिडा मांडीच्या हाडामागच्या मुगाएवढ्या हाडाला तंगूस, म्हणजे मासे धरायची नायलॉनची दोरी, अडकवते, नडगीला भोक पाडून त्यातून ओवते आणि बाहेरून गुडघा आवळते. आवळताना डोळे अर्धे मिटलेले. खोल पाण्यात गळाला काय लागलंय, ते बोटांनी ऐकत असल्यासारखी. शिकत होती तेव्हा बापाचाच तंगूस उकळून घ्यायची. आता तो पाकिटातून येतो, एवढाच फरक.

तेवढ्यात धुक्यातून अ‍ॅथोल बरिज आत आला. तिच्या बापाच्या होडीवरचा जुना गडी. कोटात विंकल, त्याची पांढरी टेरियर. पाच आठवड्यांपूर्वीच तिचा गुडघा बांधला होता, आणि तो जुळेपर्यंत तिने पिंजऱ्यातच राहायचं होतं.

"पोरी, मी महामूर्ख आहे."

"ते अख्खं बंदर जाणतं, काका. आज नवीन काय केलंत?"

"पिंजऱ्यातनं उडी मारली हिनं. थेट फरशीवर."

"मी दिलेल्या पिंजऱ्याला झाकण होतं."

अ‍ॅथोलने टोपी काढली. "तो तुरुंगासारखा दिसायचा गं. मी आपला माझा शेवंडाचा पिंजरा ठेवला बैठकीत. काटक्या वाकवून मीच विणलेला. आत गादी घातली."

"आणि वरचं तोंड उघडंच?"

"चाळीस वर्षांत एक शेवंड बाहेर आलं नाही त्या तोंडातनं!"

"शेवंड उड्या मारत नाही, काका."

मला हसू फुटलं, पण अ‍ॅथोलकडे बघून गिळलं. त्याने विंकलला कोटात आणखी घट्ट धरलं होतं.

"दोरी गेली असेल तर सरळ सांग," तो म्हणाला. "पण पुन्हा कापायचं नाही. अकरा वर्षांची आहे, छातीत खरखर आहे तिच्या. तुझी ऊना काकू गेल्यापासून हिच्यासाठीच मी सकाळी बूट घालतो."

नेरिडाने विंकलला तपासायच्या टेबलावर कुशीवर निजवलं. एका हाताने मांडी धरली, दुसऱ्याने नडगी हळूच पुढे ओढली. गुडघा फाटलेला असला, तर टेबलाच्या खणासारखा सरकतो. उघड्या दारातून धुकं आत येत होतं, टेबलाच्या पायांशी साचत होतं. नेरिडाचे डोळे अर्धे मिटले. धक्क्यावर कुणी तरी साखळी ओढली आणि थांबलं.

तिने पुन्हा ओढून पाहिलं. मग विंकलच्या कानामागे खाजवलं.

"तंगूस थोडा सैल पडलाय. पण गुडघा सरकत नाही."

"म्हणजे?"

"दोरी थोपवून धरते तेवढ्यात शरीर आतून जाड मांस विणून घेतं. हिचं बरंचसं विणून झालंय."

अ‍ॅथोलने नाक पुसलं. "माझ्यापेक्षा बरं विणते म्हणायची."

"तोंड तरी बंद केलंय तिनं. अजून तीन आठवडे झाकणाच्या पिंजऱ्यात. आणि तो तुमचा समुद्रात टाका."

विंकलला खाली ठेवलं. तिने तो पाय आधी नुसता टेकवला, मग त्यावर भार दिला आणि दारातलं धुकं हुंगलं. अ‍ॅथोलने ती पुढे जायच्या आत तिला उचलून कोटात घातलं.

ते दोघं दिसेनासे झाले. नेरिडाने बाह्या वर केल्या, पाइप उचलला आणि राहिलेला कोपरा धुवायला घेतला.